सौ. ‘ना’

भुसावळच्या माणसानं घरात सौना बसवणं म्हणजे दादरच्या माणसानं पैसे मोजून घरात गर्दी आणण्यापैकी आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत दुपारी दोन वाजता उन्हातल्या स्कूटरवर जो बिनधास्त बसतो, तो एकतर शूर असतो किंवा बाहेरगावचा. अशा गावात, कर्ज काढून, सुताराला पंधरा दिवस घरात पोसून, मी एक खोली बांधली आणि तिच्यात उकाडा भरला. लोक हसले. हसू द्या. मी बी.कॉम. आहे, बुडीत व्यवहार मलाही दुरून ओळखू येतो.

पण त्याला कारण आमचे नाना.

नाना म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. रेल्वेत क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन, मग ड्रायव्हर, आणि २००६ साली निवृत्त. ऐन तारुण्यातली पंधरा-सोळा वर्षं त्यांनी वाफेच्या इंजिनात कोळसा ओढला. त्या कोळशाचं व्याज आता गुडघ्यांनी वसूल करायला घेतलं होतं, तेही चक्रवाढ. खानदेशातली थंडी कुणाला खरी वाटत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे आमच्याकडे दात वाजतात आणि त्या तालावर नानांचे गुडघे ठणकतात. निरगुडीचा पाला झाला, मिठाची पुरचुंडी झाली, रबरी पिशवी झाली. शेकून शेकून ही थकली. ही म्हणजे आमची सौ.

गुडघ्यांपेक्षा मोठं दुखणं वेगळंच होतं. आई गेल्यापासून नाना बोलेनासे झाले होते. भांडण नाही, राग नाही, नुसतंच बोलणं नाही. “चहा?” “हो.” “औषध?” “घेतलं.” आमच्या शाखेच्या दारातलं ए.टी.एम. यापेक्षा जास्त बोलतं. ते निदान शेवटी आभार तरी मानतं.

दिवाळीत माझा भाचा आला. तो फिनलंडात एस्पो नावाच्या गावी संगणकाच्या नोकरीत आहे. आजोबांना जिना चढताना पाहून तो म्हणाला, “मामा, नानांसाठी सोना घ्या.”

मी सोन्याच्या कर्जाच्या काउंटरवर बसतो. हा शब्द मी दिवसातून शंभर वेळा ऐकतो, पण गुडघ्यावरचा इलाज म्हणून कधी ऐकला नव्हता. मग त्यानं समजावलं. इंग्रजी वळणाचे लोक ‘सोना’ म्हणतात, फिनिश लोक ‘साउना’ म्हणतात, आपण मधला मार्ग काढून ‘सौना’ म्हणू. लाकडाची खोली, कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर दगड. खोलीतली हवा ऐंशी ते शंभर अंश तापवायची, आत बाकावर बसायचं आणि मधूनमधून दगडांवर पळीभर पाणी टाकायचं. त्यातून जी वाफ उठते तिला ‘लोयलू’ म्हणतात. त्या देशाची लोकसंख्या ५५ लाख आणि सौना ३० लाखांच्या वर! म्हणजे दोन माणसांमागे एक. आपल्याकडे दोन माणसांमागे एक मोटारसायकल आणि एक हप्ता असतो, त्यातला प्रकार. पूर्वी तिथल्या बायका बाळंत व्हायच्या त्या सौनातच, आणि माणूस गेला की त्याची शेवटची अंघोळही तिथंच. २०२० साली युनेस्कोनं ही सौनाची रीत मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली. भाच्याच्या इमारतीत तळमजल्याला सगळ्यांचा मिळून एक सौना आहे आणि प्रत्येक बिऱ्हाडाची आठवड्याची वेळ ठरलेली. आपल्याकडे चाळीत नळाची असायची तशी. फरक एवढाच, की तिथं पाळीवरून भांडणं होत नाहीत. घामाघूम माणसं भांडत नसावीत. १९६० साली तिथले राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांनी आपल्या साठीच्या वाढदिवसाला आलेल्या ख्रुश्चॉव्हना सौनात नेलं आणि ती बैठक पहाटेपर्यंत चालली. हे ऐकून मला वाटलं, आमच्या पगारवाढीच्या वाटाघाटी अशा खोलीत घेतल्या पाहिजेत. दोन-दोन, तीन-तीन वर्षं चालणारा करार दहा मिनिटांत सह्या होऊन बाहेर येईल.

“पण शंभर अंशांना माणूस शिजत नाही?” मी विचारलं.

“हवा कोरडी असते, मामा. कोरडी हवा उष्णता सावकाश पोचवते, आणि घाम वाळला की अंग गार राहतं. शंभर अंशांच्या पाण्यात हात घालून बघा आणि तेवढ्याच तापल्या भट्टीच्या हवेत घालून बघा.”

मी दोन्ही प्रयोग न करता मान डोलावली.

‘सौना’ शब्दाची व्युत्पत्ती फिनिश आहे म्हणतात. आमच्या घरात ती ‘सौ.’ अधिक ‘ना’ अशी आहे. तिनं खर्चाचा आकडा ऐकला आणि ‘ना’ म्हणाली. तिचंही चुकत नव्हतं. यंदाच्या एल.एफ.सी.वर तिनं रामेश्वर ठरवून ठेवलं होतं. दर वेळी काहीतरी निघायचं. एकदा मुलाची दहावी, एकदा आईचं आजारपण. शिवाय सौना बसणार कुठं, तर मागच्या पडवीत, आणि पडवीत तिची गव्हाची कोठी. वर्षाचा गहू हलवायचा म्हणजे खानदेशी बाईला घर हलवल्यासारखं वाटतं.

मी माघार घेतली, पण अर्धीच. अडीच हजारांत एक घडीचा सौना मिळतो असं कळलं, तो मागवला. कापडी तंबू, आत खुर्ची, शेजारी पाणी उकळायचं भांडं. आपण आत बसायचं, चेन गळ्यापर्यंत ओढायची, मुंडकं बाहेर. खरं म्हणजे हा सौना नव्हेच, नुसती वाफारा घ्यायची पिशवी. नानांना बसवण्याआधी चाचणी म्हणून मी बसलो. पाचव्या मिनिटाला घाम फुटला, आठव्या मिनिटाला चेन अडकली आणि नवव्या मिनिटाला दाराची बेल वाजली. घरात मी एकटा. दार नुसतंच लोटलेलं. पासबुकाच्या तक्रारीसाठी एक खातेदार माझा पत्ता शोधत आला होता. दार ढकलून त्यानं आत पाहिलं. दिवाणखान्याच्या मधोमध एक फुगलेली करडी पिशवी, तिच्यातून वाफ निघतेय आणि वर माझं लाल मुंडकं. तो दोन क्षण उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, “साहेब, मी उद्या येऊ का?” तेवीस वर्षांच्या नोकरीत ‘उद्या’ हा शब्द खातेदाराच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

पिशवी माळ्यावर गेली.

नंतर एका रविवारी नाशिकला एका दुकानात इन्फ्रारेडची केबिन पाहून आलो. काचेचं दार, आत निळा-जांभळा दिवा, गाण्यांची सोय. त्यात दगड नाहीत, पाणी नाही. भिंतीतल्या पट्ट्या माणसालाच तापवतात. विक्रेता पोरगा उत्साहानं म्हणाला, “सर, आतमध्ये पंचावन्न डिग्रीपर्यंत जातं!” मी म्हटलं, “बाळ, आम्ही भुसावळचे. वरच्या दहा डिग्रींचाच काय तो भाव सांग.”

गोष्ट एवढ्यावर संपली असती. पण डिसेंबरातल्या एका सकाळी नाना न्हाणीघरात स्टुलावर बसले ते उठूच शकले नाहीत. हाक मारायची की नाही? नाही मारली. पाणी गार झालं, पंचा ओला झाला, अर्धा तास ते तसेच बसून. शेवटी हिला शंका आली म्हणून तिनं कडी वाजवली. तिनं त्यांना हात देऊन बाहेर आणलं, शाल गुंडाळली, चहा दिला. मग स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “रामेश्वर कुठं पळून जात नाही. पण कोठी घरात आली पाहिजे, आणि तीसुद्धा तुमच्या कपाटाच्या जागी.”

आजही माझे शर्ट दाराच्या मागं खुंटीला असतात.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नानांचा रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला आणि मग परवानगी दिली, पण अटी घालून. दहा मिनिटांच्या वर नाही. खालच्या बाकावर, कारण उष्णता वर चढते. आधी आणि नंतर पाणी प्यायचं. आणि एकट्यानं बसायचं नाही, सोबत कुणीतरी हवंच. “यानं गुडघे बरे होणार नाहीत हं,” ते म्हणाले, “ठणका जरा हलका होईल, इतकंच.” कर्जमंजुरीच्या पत्रातसुद्धा इतका खरेपणा मी पाहिलेला नाही.

पैशांसाठी एल.एफ.सी.ची रक्कम रोख घेतली आणि उरलेल्याला स्टाफ ओव्हरड्राफ्टचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात ‘घरी सौना बसविणेकामी’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. दुपारपर्यंत शाखेत बातमी पसरली, की सोन्याच्या काउंटरवरचा माणूस घरी सोनं बसवतोय. शिपायानं मला चहा आणून दिला, न मागता. एक सहकारी कानाशी येऊन पुटपुटला, “फरशीत की भिंतीत?” संध्याकाळी मॅनेजरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं आणि माझं मालमत्तेचं वार्षिक विवरणपत्र समोर ठेवून फार गोड आवाजात म्हणाल्या, “बसा ना. घाई नाही.” त्यांना फिनलंडपासून ख्रुश्चॉव्हपर्यंत सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, “सोनं असतं तर निदान तारण तरी ठेवता आलं असतं.”

आता बांधकाम. मागची पडवी आडवी दीड मीटर, खोल सव्वा मीटर, उंची दोन. म्हणजे पावणेचार घनमीटर. घनमीटरला साधारण एक किलोवॅट हा हिशेब, म्हणून ३.६ किलोवॅटचा हीटर. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, घरातल्या प्लगवर हे लाडकं चालणार नाही. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र वीस अँपिअरचं एम.सी.बी., गळतीला तुटणारा ई.एल.सी.बी., आणि वीजबिलावर ‘मंजूर भार’ म्हणून जो आकडा असतो तो वाढवून घ्या. ते सगळं केलं.

खरी गंमत सुतारमिस्त्रींची. सौनाला हलकं, बिनराळेचं लाकूड लागतं. जड लाकूड तापून चटके देतं आणि राळ असली तर ती गरम होऊन टपकते. प्लायवूड तर नकोच, डिंकाचा वास सुटतो. भाच्यानं सांगितल्याप्रमाणं मी नाशिकहून हेमलॉकच्या पट्ट्या आणवल्या. मिस्त्रींनी एक पट्टी हातात घेतली, नाकाला लावली, नखानं टोकरली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही फाटकी नोट घेऊन येणाऱ्याकडे पाहतो.

“साहेब, हे तर खोक्याचं लाकूड.”

“असू दे.”

“सागवान लावा. नातू बसेल त्यात.”

“सागवान चटके देतं.”

“मग वरून सनमाईका मारून देतो.”

पंधरा दिवस ते मारून देण्याची भाषा करत होते आणि मी नको म्हणत होतो. पट्ट्यांच्या मागं दगडी लोकर आणि ॲल्युमिनियमचा कागद बसवायचा हे त्यांना पटलं. बाकाचे स्क्रू खालून मारायचे, कारण वरून मारले तर त्यांची तापलेली डोकी बसणाऱ्याला कळतात, हेही पटलं. पण दाराला कडी लावायची नाही आणि दार बाहेर उघडलं पाहिजे, यावर ते अडले. “बिनकडीचं दार? मग चोर?” मी म्हटलं, “ऐंशी अंशात शिरून चोर काय नेणार?” चक्कर आलेल्या माणसाला नुसत्या खांद्यानं ढकलून बाहेर पडता आलं पाहिजे, असं सांगितल्यावर ते गप्प झाले. शेवटच्या दिवशी मात्र मला न विचारता दाराच्या वर त्यांनी सागवानाचा एक छोटा गणपती ठोकून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

हीटरसोबत वीस किलो दगड आले. वेगळे, बिलासकट. नदीतले गोटे चालत नाहीत. त्यांच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं, ते तापून दगड फुटतो. घट्ट, जड, अग्निजन्य दगड लागतात. इकडे अजिंठ्याचा डोंगर, तिकडे सातपुडा, बहुतेक महाराष्ट्र ज्वालामुखीच्या काळ्या फत्तरावर उभा, आणि त्याच्या मधोमध बसून मी दगड विकत घेत होतो! ही नोंद कोणत्या खात्यावर टाकावी हे मला अजून सुचलेलं नाही.

इलेक्ट्रिशियननं ते दगड हीटरवर गच्च रचून दिले, विटा रचाव्यात तसे. आम्ही कौतुकानं पाहत होतो. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “जाळ गुदमरेल ना.”

नाना दारात उभे होते. काठी टेकवून.

“खालून हवा वर गेली पाहिजे. असं दाबून भरलं तर वरचा दगड थंड राहील आणि आतलं यंत्र जळून जाईल. काढ सगळे.”

कितीतरी महिन्यांत एवढं लांब वाक्य घरात कुणी ऐकलं नव्हतं. ही हातात पोळपाट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. नानांनी स्टूल मागून घेतलं, बसले आणि एकेक दगड उचलून दुसऱ्यावर वाजवून पाहायला लागले. जो बद्द वाजेल तो बाजूला. मोठे खाली, छोटे वर, मध्ये बोटभर फटी. तासभर त्यांचं चाललं होतं. नंतर हीटरसोबतचं माहितीपत्रक मी वाचलं. त्यात हेच लिहिलं होतं, फक्त चित्रं काढून.

जानेवारीतल्या एका शनिवारी मुहूर्त केला. आदल्या दिवशी दार उघडं ठेवून तो एकदा रिकामा तापवला होता, कारखान्यातला वास निघून जायला. संध्याकाळी सात वाजता काटा ऐंशीवर आला. नाना पंचा नेसून खालच्या बाकावर आणि मी वरच्या. सोबत कुणीतरी हवंच, ही डॉक्टरांची अट मी पाळत होतो. एरवी माझ्या बापाशेजारी दहा मिनिटं नुसता बसलो आहे असं मला लहानपणापासून आठवत नाही. नाना ड्यूटीवरून यायचे ते काळेभोर. क्वार्टरच्या मागच्या दारात आईनं तांब्याच्या बंबात पाणी तापवून ठेवलेलं असायचं. त्या अंघोळीचं काळं पाणी मोरीतून वाहताना मी पाहायचो आणि मनाशी ठरवायचो, की आपण पंख्याखाली बसायची नोकरी करायची. तशी केलीही.

दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग काहीतरी करायचं म्हणून मी पळी घेतली, काठोकाठ भरली आणि दगडांवर एकदम ओतली.

वाफ कशी असते हे मला त्या दिवशी कळलं. ती आधी छताला गेली आणि तिथून माझ्या कानांवर उतरली. मी वरच्या बाकावरून खाली कसा आलो ते माहीत नाही, पण नानांच्या मांडीला मांडी लावून बसलेला मी मला सापडलो. नाना हसत होते. आवाज न करता, खांदे हलवून.

“एकदम नाही टाकायचं रे. थोडं. पसरून. कोळसा पण असाच टाकायचा असतो, सगळ्या जाळावर पातळ. ढीग घातला की धूर नुसता.”

मी विचारलं, इंजिनात याच्यापेक्षा गरम असायचं का?

“पुढून,” नाना म्हणाले. “मालगाडीचं डब्ल्यू.जी. इंजिन. नागपूर साइडला जायचं, जानेवारीची रात्र. भट्टीचं दार उघडलं की तोंड भाजायचं, आणि मागून सगळं उघडं. पाठ गोठायची. पुढून उन्हाळा, मागून हिवाळा. स्वेटर घालावा तर पुढची बाजू ठिणग्यांनी चाळण. दोन स्वेटर गेले तसे. मग तुझ्या आईनं काय केलं, मला नुसत्या पाठीचा स्वेटर विणून दिला.”

“म्हणजे?”

“पाठच. पुढं काही नाही. दोन नाड्या, छातीवर बांधायला. हिरवा होता. सगळी शेड हसायची मला. बडनेऱ्याला एकदा काय झालं—”

बाहेरून हिनं दार ठोठावलं. दहा मिनिटं झाली होती.

त्या स्वेटरबद्दल मला कधीच कळलं नव्हतं. हिलाही नाही. रात्री जेवताना हिनं दोनदा विचारलं, बडनेऱ्याला काय झालं? नाना म्हणाले, “शनिवारी.” मासिकात ‘क्रमशः’ छापतात तसं.

तेव्हापासून दर शनिवारी दहा मिनिटं. गुडघे अजून ठणकतात, जिना चढताना नाना अजून थांबतात. फक्त शनिवारी रात्री झोप लागते म्हणतात. विजेचं म्हणाल, तर एका वेळेला तीन-साडेतीन युनिट जातात. हिनं मीटरसमोर उभं राहून मोजलेत. ही दाराबाहेर स्टूल टाकून बसते. वेळेवर लक्ष ठेवायला, असं तिचं म्हणणं. पण परवा नाना इंजेक्टर चालू होईना आणि काचेतलं पाणी खाली चाललंय, अशा जागी आले असताना घड्याळात चौदा मिनिटं झाली होती आणि दार वाजलं नव्हतं. मग मीच त्यांना उठवलं. फेब्रुवारीत तिनं एकदा धुतलेल्या चादरी आत वाळत घातल्या होत्या. नाना असे खवळले, की शेजारचे बाहेर आले. “आगीच्या डोक्यावर कापड! शेडमध्ये असतं तर चार्जशीट मिळालं असतं!” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पुठ्ठ्यावर सूचना लिहून दाराला लावली. सही केली, तारीख घातली.

आता मे लागला आहे. बाहेर त्रेचाळीस आहे. मी बटण बंद ठेवायचं जाहीर केलं आणि सौनाचा विषय जूनपर्यंत संपला असं समजलो. शनिवारी सात वाजता पाहतो, तर नाना पंचा नेसून आत खालच्या बाकावर. दार सताड उघडं, हीटर बंद, दगड थंड. शेजारी पाण्याचा तांब्या. बाहेर स्टुलावर ही, हातात वाळवणातल्या कुरडया निवडायला घेतलेल्या.

“ये,” नाना मला म्हणाले. “तर बडनेऱ्याला सिग्नल काही पडेना. आणि माझा स्वेटर...”